आमचे बोट आणि फणसाचा चीक

आमच्या परसात फणसाचे एक झाड आहे. ते आमच्या तीर्थरूपांनी लावले. खानापूर तालुक्याच्या पावसाळी मुलखात अशी झाडे घरोघर आहेत; तेव्हा त्याचे कौतुक सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही. सांगावयाचे आहे ते फणस कापण्याच्या एका जुन्या रीतीविषयी. फणस फोडावयास बसण्यापूर्वी आमच्या मातोश्री खोबरेल तेलाची वाटी जवळ घेत. कोयत्याला तेल, विळीच्या पात्याला तेल आणि दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल. आम्ही लहानपणी एकदा विचारले, "आई, फणसाला तेल कशाला?" ती म्हणाली, "फणसाला नव्हे रे बाळा, हाताला. चीक एकदा धरला की सोडीत नाही. म्हणून त्याला धरावयास जागाच ठेवू नये."

हे साधे वाक्य पन्नास वर्षांनंतर शस्त्रक्रियेच्या मेजावर पडल्या पडल्या आठवेल, असे त्या वेळी कोणी सांगितले असते तर आम्ही हसलो असतो.

२०२२ सालचा जून महिना. पहिला पाऊस नुकताच होऊन गेला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाने शिडीवर चढू नये, हे आमच्या घरातून दोनदा सांगून झाले होते. तरी वरच्या फांदीचा एक फणस पिकून घमघमत होता आणि आमचा जीव काही राहीना. शिडीचा पाय ओल्या मातीत सरकला, फणस खाली आला आणि त्याच्या पाठोपाठ आम्हीही आलो. उजवा हात जोत्याच्या चिऱ्यावर आपटला. बाकी अंगाला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. मात्र करंगळीशेजारचे बोट, जिला पुस्तकात अनामिका म्हणतात, ते मुळाशी वाकडे होऊन बसले. धाकटे बंधू धावत आले. त्यांनी बोटाकडे पाहिले, मग आमच्या तोंडाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "दादा, फणस मात्र शाबूत आहे."

बेळगावच्या एका दवाखान्यात क्ष-किरणांनी छायाचित्र काढले. बोटाच्या पहिल्या पेराचे हाड तिरपे मोडून त्याचे तुकडे एकमेकांवर चढले होते. नुसत्या प्लॅस्टरने ते जागेवर राहणार नव्हते. डॉक्टरांनी बोटाच्या पाठीवरून छेद घेऊन हाडावर एक चिमुकली प्लेट बसविली आणि ती ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक माथ्याच्या स्क्रूंनी पक्की केली. प्लेट टायटॅनियम धातूची होती. दोन महिन्यांनी पुन्हा छायाचित्र काढले, तेव्हा हाड इतके सुरेख जुळले होते की मोड कोठे होती हे बोट ठेवून दाखविणेही कठीण! आम्ही कृतकृत्य होऊन घरी परतलो.

पण हाड जुळले तरी बोट मिटेना. मूठ आवळू गेलो की चार बोटे आज्ञाधारक मुलांसारखी आत येत आणि अनामिका मात्र अर्ध्या वाटेत थांबून राही. ती पुरती सरळही होईना. वाचकहो, एका बोटाचे महत्त्व त्याच्या असण्याने कळत नाही, अडण्याने कळते. आमटी-भाताचा घास करावा तो त्या बोटाखालून निसटे. सदऱ्याच्या खिशात हात घालावा तर ते बोट बाहेरच अडके. कोयता पकडावा तर मूठ सैल. आणि ज्याचे आम्हांस सर्वांत अधिक दुःख झाले ते म्हणजे घरातील पेटी. संध्याकाळी गावातील सात-आठ मुले आमच्याकडे पेटीवर सारेगम शिकावयास येतात. आता ते बोट एका सुरावर पडावे तो शेजारचा सूरही बोलू लागे. मुले चांगली, ती हसत नसत. परंतु एकदा एका लहान मुलीने अगदी सहज विचारले, "सर, तुमचे हे बोट रुसले आहे काय?" त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही.

पुढे आम्ही हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आमचे बोट बराच वेळ हाताळून पाहिले आणि मग कागदावर चित्र काढून समजावून सांगितले. बोट हलते ते त्यातील स्वतःच्या मांसाने नव्हे. हलविणारे मोठे स्नायू कोपराखाली, आपल्या दंडकीत असतात. तेथून पांढऱ्या, चिवट दोऱ्या निघून बोटांच्या टोकापर्यंत येतात. त्यांना कंडरा म्हणतात. विहिरीच्या रहाटावरून दोर सरकावा तशा त्या हाडावरून पुढेमागे सरकतात. बोटाच्या पहिल्या पेरावर तर ही कंडरा एखाद्या पातळ वस्त्राप्रमाणे हाडाला लपेटून असते. तिच्यात आणि हाडात फारशी मोकळी जागाच नसते. नेमकी त्याच ठिकाणी आमची प्लेट बसली होती. जखम भरताना जे नवे पेशीजाल तयार झाले, त्याने एका बाजूने प्लेटला धरले आणि दुसऱ्या बाजूने कंडरेला. दोर रहाटालाच चिकटला. मग पोहरा वर यावा कसा?

"म्हणजे दोष त्या प्लेटचा," आम्ही जरा उत्साहानेच म्हणालो.

डॉक्टर हसले. "मास्तर, पहिल्या तीन आठवड्यांत बोट किती हलविलेत?"

आम्ही मान खाली घातली. खरे सांगावयाचे तर पहिल्या डॉक्टरांनी आम्हांला तीन-चार दिवसांतच बोट हलविण्यास बजावले होते. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी कागदावर लिहूनही दिले होते. परंतु दुखत होते, आणि हलविल्याने जुळणारे हाड पुन्हा निखळेल अशी आमच्या मनाने भीती घेतली होती. आम्ही तो कागद शब्दकोशात ठेवून दिला आणि हात गळ्यात बांधून बसलो. ज्याने आयुष्यभर मुलांना गृहपाठाची सक्ती केली त्याने आपला गृहपाठ केला नाही, हे त्या दिवशी कबूल करावे लागले. डॉक्टर म्हणाले, "चिकटण्याची कारणे अनेक असतात. मूळ मार, शस्त्रक्रियेची जखम, सूज, न हलविणे. आणि त्यांतच एक म्हणजे धातूचा पृष्ठभाग. सगळे पाप एकट्या प्लेटच्या माथी मारू नका. पण तिचा वाटाही थोडा असू शकतो."

आमचे बंधू सुतारकाम करतात. ते सोबत होते. त्यांना हे पटेना. "डॉक्टरसाहेब, धातू तर गुळगुळीत. त्याला मांस कसे चिकटावे? गुळगुळीत लाकडालाही सरस धरीत नाही. फळी जोडावयाची तर आम्ही आधी ती काचकागदाने खरबरीत करून घेतो."

"मग तुम्हांला अर्धी गोष्ट ठाऊक आहेच," असे म्हणून डॉक्टरांनी खणातून दोन नमुन्याच्या पट्ट्या काढल्या. एक पोलादाची, आरशासारखी लखलखीत. दुसरी टायटॅनियमची, किंचित मंद, जणू वाफ धरलेल्या काचेसारखी. बोट फिरविले तर दोन्ही सारख्याच गुळगुळीत लागत. मग त्यांनी भिंगाखाली धरून दाखविल्या. पोलादाची पट्टी तेथेही साफ होती. दुसरीवर मात्र बारीक दाणे, खळगे, उंचवटे दिसत होते. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. नेहमीच्या टायटॅनियम प्लेटचा खरबरीतपणा सरासरी एक मायक्रॉनच्या आसपास असतो; झिलई केलेल्या पोलादाचा त्याच्या पाचव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून हे खळगे किती बारीक ते ध्यानात यावे. आपल्या बोटांना हा फरक कळत नाही. परंतु शरीराच्या पेशी स्वतःच काही मायक्रॉन ते काही दशक मायक्रॉन आकाराच्या. त्यांना तो चिऱ्याच्या भिंतीसारखा वाटतो. तेथे पाय रोवता येतो, तंतू अडकविता येतात.

त्या दिवसापासून आम्हांस या विषयाचा नादच लागला. वाचून, विचारून जे कळले ते येथे मांडतो.

मोडक्या हाडावर धातूची पट्टी बसविण्याची कल्पना जुनी आहे. १८८६ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथील डॉ. कार्ल हान्समान यांनी आपल्या अशा शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता, तो १८९५ सालचा. पुढे लंडनचे सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी पोलादी पट्ट्यांचा पुष्कळ उपयोग केला. पण साधे पोलाद शरीरातील खारट ओलाव्यात गंजे आणि झिजे. पुढे क्रोमियम, निकेल वगैरे धातूंचे मिश्रण असलेले न गंजणारे पोलाद आले, ज्याला आपण स्वयंपाकघरात स्टेनलेस स्टील म्हणतो त्याचेच हे अधिक शुद्ध भावंड. त्यानंतर टायटॅनियम आले. हा धातू आम्हांस परका वाटला होता. परंतु आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, तिच्यात इल्मेनाईट नावाचे खनिज असते आणि त्यात लोखंडाबरोबर हाच टायटॅनियम दडलेला असतो. भिंतींना लावावयाच्या पांढऱ्या रंगातील शुभ्रपणाही बहुधा त्याच्याच भस्माचा.

टायटॅनियमचा गुण असा की हवा लागताच त्यावर त्याच्याच भस्माचा एक पापुद्रा धरतो. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांएवढाच तो पातळ असतो. पण तो इतका चिवट की धातूचे रक्षण करतो आणि शरीराला परकेपणा वाटू देत नाही. हा आपलेपणा कोठवर जातो, ते स्वीडनचे शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रॉनेमार्क यांना १९५० नंतरच्या दशकात अकस्मात दिसून आले. सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी त्यांनी टायटॅनियमची नळकांडी हाडात बसविली होती. काम संपल्यावर ती काढू गेले तर निघेनात. हाडाने त्यांना आपलेच मानून घट्ट धरले होते. दुसरा कोणी चिडला असता. या गृहस्थांनी विचार केला, की जे निघत नाही त्यावर दात का बसवू नयेत? १९६५ साली त्यांनी एका रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली. आज जगभर जे कृत्रिम दात हाडात पक्के बसवितात, त्यांचा उगम त्या न निघालेल्या नळकांड्यांत आहे.

तेव्हा चिकटणे हा काही धातूचा दुर्गुण नव्हे. दाताच्या मुळाला जे हवे तेच आमच्या कंडरेला नको होते, एवढेच. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात तर ही दोन्ही कामे एकाच वस्तूला करावी लागतात. ज्या सांध्यात सिमेंट वापरत नाहीत, त्यात मांडीच्या हाडात शिरणारा दांडा हाडाने धरावा म्हणून खरबरीत करतात, आणि वरचा गोळा वाटीत लीलया फिरावा म्हणून आरशासारखा घासतात. एकाच वस्तूचा एक भाग धरण्यासाठी, दुसरा सोडण्यासाठी.

केवळ पृष्ठभागाने केवढा फरक पडतो, याची एक गोष्ट इंग्लंडातील एक्सेटर गावची आहे. तेथे १९७० साली खुब्याच्या सांध्याचा एक दांडा वापरात आला. तो सिमेंटमध्ये बसवावयाचा असे आणि त्याला उत्तम झिलई होती. १९७६ साली काही लहानसहान बदलांबरोबर ती झिलई गेली आणि पृष्ठभाग मंद, किंचित खरबरीत झाला. खरबरीत वस्तू सिमेंटमध्ये अधिक पक्की बसेल, असे कोणालाही वाटावे. घडले उलटे. दांडे अधिक प्रमाणात सैल होऊ लागले, आणि १९८६ साली पुन्हा झिलईकडे वळावे लागले. आकार जवळजवळ तोच, जागा तीच. आमच्या बंधूंना ही गोष्ट इतकी आवडली की त्यांनी ती गावातील प्रत्येक गवंड्याला सांगितली.

आता हाडाच्या प्लेटकडे वळू. स्वित्झर्लंडमधील काही शल्यविशारदांनी १९५८ साली बील शहरी एकत्र येऊन मोडकी हाडे जुळविण्याच्या शास्त्रासाठी एक मंडळ स्थापिले. त्याची प्रयोगशाळा पुढच्याच वर्षी दाव्होस येथे सुरू झाली. दाव्होस हे आल्प्स पर्वतातील उंचावरचे गाव. पूर्वी तेथे क्षयाचे रोगी हवेसाठी जात, आणि बर्फावर घसरण्याच्या खेळामुळे हाडे मोडणाऱ्यांचीही तेथे वाण नाही. धातूच्या पृष्ठभागाला पेशी कशा धरतात, याचा अभ्यास तेथे पुष्कळ झाला. त्यांना आढळले ते असे: झिलई केलेल्या पोलादाभोवती शरीर एक पातळ पिशवी विणते आणि त्या पिशवीत व धातूत किंचित द्रवाची फट राहते. पेशीजाल धातूला धरीत नाही; म्हणून वरून कंडरा सरकू शकते आणि प्लेट काढणेही सोपे जाते. खरबरीत टायटॅनियमला मात्र पेशीजाल सरळ धातूलाच बिलगते. मध्ये फट राहत नाही. स्क्रूंना हाड धरून बसते. लहान मुलांच्या वाढत्या हाडातील प्लेट वर्षा-दोन वर्षांनी पुष्कळदा काढावयाची असते. तेथे असे अडकलेले स्क्रू शल्यविशारदाला घाम फोडतात. क्वचित त्यांचे माथेच झिजून जातात.

मग या मंडळींनी विचार केला, की टायटॅनियमच ठेवावे, परंतु त्याला पोलादासारखी झिलई करून पाहावी. मेंढ्यांच्या पायांत नेहमीच्या आणि झिलई केलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या प्लेट व स्क्रू बसवून, काही महिन्यांनी ते काढताना किती जोर लागतो ते यंत्राने मोजले. झिलई केलेले स्क्रू कमी जोराने निघाले, आणि प्लेटवर हाडही कमी चढलेले दिसले. धातू तोच, बदलला तो केवळ वरचा एक मायक्रॉन!

झिलई करण्याचे प्रकार अनेक आहेत. एक म्हणजे बारीक भुकटी वा लुकण लावून यंत्रावर घासणे. दुसरा अधिक नवलाचा. वस्तू एका आम्लाच्या द्रवात बुडवून तिच्यातून वीज सोडतात. मुलामा देताना वस्तूवर धातू चढतो. येथे उलट, वस्तूचा धातू विरघळून द्रवात जातो. जे उंचवटे पुढे आलेले असतात ते अधिक वेगाने झिजतात, खळगे मागे राहतात, आणि थोड्या वेळात सर्व पृष्ठभाग समतल होतो. "रंधा न लावता रंधलेले," आमचे बंधू म्हणाले. आमच्या घरातून यावर अभिप्राय पडला, "यात नवे ते काय? नव्या बिडाच्या तव्यावर घावन कधी सुटते का? तवा घासून, तेल पाजून, वापरून वापरून गुळगुळीत झाला म्हणजेच सुटते." आम्ही वाद घातला नाही, घावन गरम होते.

यावर कोणी विचारील, की मग सर्वच प्लेट आरशासारख्या का करीत नाहीत? आम्हीही विचारले. डॉक्टरांचे उत्तर विचार करण्यासारखे होते. शरीरात धातू घातला की त्याच्या पृष्ठभागावर एक शर्यत लागते. शरीराच्या पेशी तेथे आधी पोहोचल्या तर त्या वस्ती करतात. रोगजंतू आधी पोहोचले तर ते ठाण मांडतात. अमेरिकेतील डॉ. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ साली या शर्यतीचे वर्णन केले. पिशवीतील द्रवाची जी फट कंडरेला उपकारक ठरते, तीच जंतूंना आडोसा देऊ शकते. ससांवरील प्रयोगांत पोलादी प्लेटपेक्षा टायटॅनियमच्या प्लेटभोवती जंतूंचा उपद्रव कमी आढळला होता. पुढे झिलई केलेल्या आणि न केलेल्या टायटॅनियमची तुलना झाली, तेव्हा निव्वळ झिलईने तो उपद्रव वाढल्याचे दिसले नाही, ही समाधानाची गोष्ट. तरीही जेथे धातू जन्मभर राहावयाचा आणि हाडाने धरावयाचा, तेथे खरबरीतपणाच हवा. हाताच्या बारीक हाडांवर, कंडरेखाली, किंवा मुलांच्या हाडांत, जेथे धातू पुढे काढावयाचा, तेथे गुळगुळीतपणा उपयोगी. हाताच्या हाडांसाठी झिलईदार पोलादाच्या प्लेट आजही वापरात आहेत त्या याच कारणाने. सर्व ठिकाणी चालेल असा एकच पृष्ठभाग नाही.

आता आमच्या बोटाचे काय झाले ते सांगून आटोपतो.

२०२३ सालच्या फेब्रुवारीत प्लेट काढून कंडरा मोकळी करावयाचे ठरले. ही दुसरी शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर आम्ही पंधरा दिवस घालविले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की कंडरा मोकळी करताना तुटण्याचा धोका असतो, पुन्हा चिकटण्याचाही असतो, आणि या वेळी व्यायाम न केल्यास सर्व व्यर्थ जाईल. खर्चही होता. वयाच्या साठीनंतर एका बोटासाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही हितचिंतकांनी सुचविले. शेवटी निर्णय आमच्या घरातून झाला. "अहो, उद्या त्या पोरांना पेटी कोण शिकविणार?" एवढेच त्या बोलल्या, आणि आम्ही होकार कळविला.

या शस्त्रक्रियेची एक विशेषता अशी की रुग्णाला झोपवीत नाहीत. केवळ हात बधिर करतात. बधिर करण्याच्या औषधात रक्त कमी यावे म्हणून अ‍ॅड्रेनलिन मिसळतात, त्यामुळे दंडावर रक्त रोखणारा पट्टा आवळावा लागत नाही. कॅनडातील डॉ. डोनाल्ड लॅलोंड यांनी ही पद्धत फार प्रचारात आणली. वेदना नाही, पण स्नायू जागे. आपण सांगाल तसे बोट हलवू शकता. आम्ही कापडाच्या पडद्याकडे पाहत पडलो होतो. बारीक अवजारांचे आवाज येत होते. डॉक्टर सहायकाला सांगत होते, "येथे धरले आहे. येथेही." दोन स्क्रू लगेच निघाले, तिसऱ्याने बराच वेळ घेतला. त्या वेळी आम्हांस मातोश्रींची तेलाची वाटी आठवली. त्याने धरण्यापूर्वी जागा ठेवू नये! पण आमच्या बाबतीत धरून झाले होते.

मग डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मूठ मिटा."

आठ महिन्यांत आम्ही ही आज्ञा स्वतःला हजार वेळा दिली असेल. आम्ही भीत भीत मूठ मिटली. अनामिका निघाली, नेहमीच्या जागी आली, क्षणभर अडखळली, आणि पुढे गेली. तिचे टोक तळव्याला टेकले. बधिर हातामुळे तो स्पर्श आम्हांला कळला नाही. पडदा किंचित बाजूला करून डॉक्टरांनी तो दाखविला. "पाहून ठेवा," ते म्हणाले. "बोट येथवर येऊ शकते हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आता ते येथेच राखणे तुमच्याकडे." आमचे डोळे भरून आले हे लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच संध्याकाळपासून व्यायाम सुरू झाला. दर तासाला दहा वेळा मूठ मिटणे, दहा वेळा उघडणे. पहिले आठ दिवस फार दुखले. परंतु या वेळी कागद शब्दकोशात गेला नाही. तो स्वयंपाकघराच्या दारावर डकविला गेला आणि त्यावर खुणा करण्याचे काम आमच्या नातीने आपल्याकडे घेतले. तिच्याइतका कडक मुख्याध्यापक आम्ही सबंध नोकरीत पाहिला नाही. तीन महिन्यांनी बोट बव्हंशी मिटू लागले. पुरते नाही. सकाळी थंडीत अजून आखडते आणि शेवटची रेघभर जागा उरतेच. पण घास होतो, कोयता धरता येतो, आणि पेटीवर शेजारचा सूर विनाकारण बोलत नाही.

काढलेली प्लेट डॉक्टरांनी आम्हांला दिली. ती सोनेरी रंगाची आहे. सोने समजून नातीने ती आजीच्या कुड्यांच्या डबीत ठेवली. तो रंग मुलाम्याचा नव्हे. टायटॅनियमवरील भस्माचा पापुद्रा विजेने थोडा जाड केला की त्यावरून परतणारा प्रकाश असा सोनेरी, जांभळा किंवा निळा दिसतो, जसे पाण्यावरील तेलाच्या तवंगात रंग दिसतात. भिंगाखाली पाहिले तर त्या सोनेरी पट्टीवर अजूनही बारीक खळगे दिसतात. आमचे बोट आठ महिने धरून ठेवणारे तेच, असे मनात येते. मग शब्दकोशातील तो कागदही आठवतो, आणि आम्ही डबी बंद करतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा प्रसंग आला तर आमचे तीन शब्द ध्यानी ठेवावेत. धातू घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, की हा कोणता धातू, तो पुढे काढावा लागेल काय, आणि त्यावरून कंडरा जाते काय. असे विचारण्यात त्यांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर आनंदाने सांगतो. दुसरे, शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा. पुढे काढावयाची वेळ आली तर कोणत्या मापाचा स्क्रू आहे हे त्यावरूनच कळते. आणि तिसरे, जे हलवावयास सांगितले आहे ते सांगितलेल्या दिवसापासून हलवावे. शास्त्रज्ञ धातू आरशासारखा घासून देतील, परंतु त्यावरून आपली कंडरा सरकविण्याचे काम आपल्यावाचून कोणी करणार नाही.

यंदाही झाडाला फणस पुष्कळ लागले. शिडी बंधूंनी आपल्या घरी नेऊन ठेवली आहे. फणस तेच काढून देतात. कापावयास मात्र आम्ही बसतो. तेलाची वाटी जवळ घेतो, कोयत्याला तेल, विळीला तेल, हातांना तेल. नात विचारते, "आजोबा, फणसाला तेल कशाला?" आम्ही तिला आमच्या आईचेच उत्तर देतो, आणि मूठ मिटून उघडून दाखवितो.